कोऱ्या मिनिटातला आवाज

सोमवार, ४ तारीख
आलो एकदाचे आम्ही बाप-लेक! दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीची खिडकी समोरच्या भिंतीत जाऊन आपटते. घर बघायला येणारे याच खोलीला नाक मुरडत असणार, पण मी हिच्यासाठीच घर घेतलं. रस्त्याचा आवाजच येत नाही. अंध विद्यार्थ्यांच्या ग्रंथालयाने मला पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला नेमलंय. संगणक, मायक्रोफोन त्यांचाच. घोकायचा कंटाळा करणारी मी आता पगार घेऊन भूगोल वाचणार! अण्णांनी दिवसभर खपून घरातल्या सगळ्या रजया त्या खोलीच्या भिंतींवर ठोकल्या. आवाज घुमत नाही म्हणे. मग आम्ही काय पांघरायचं, असं विचारलं तर म्हणाले, भिंतींना थंडी जास्त वाजते.

बुधवार, ६ तारीख
पहिला धडा वाचला, परत ऐकला आणि कपाळावर हात मारला. आवाजाच्या मागे सारखी खरखर, कुणी कानाशी कागद चुरगाळतंय अशी. अण्णांनी उभा जन्म टेलिफोनच्या तारा जोडण्यात घालवलाय. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला : कुठेतरी सांधा सैल आहे. कुठे, ते मात्र सांगितलं नाही.

शनिवार, ९ तारीख
नाकी नऊ आलेत. हेडफोन बदलले. मायक्रोफोनची वायर बदलली. पंखा बंद, मोबाइल स्वयंपाकघरात, प्लग दुसऱ्या भिंतीत. संगणकातलं आवाजाचं सॉफ्टवेअर, तो ड्रायव्हर, काढून पुन्हा टाकला. दहा मिनिटं आवाज काचेसारखा स्वच्छ, की ये रे माझ्या मागल्या! ग्रंथालयाच्या तंत्रज्ञाला फोन केला तर म्हणाला, मशीन बंद करून चालू करा. सात वेळा केलंय म्हटलं. तर म्हणाला, मग आठव्यांदा करून बघा.

त्यात ग्रंथपालबाईंचा फोन. परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय, मुलं खोळंबलीत. एका मुलीने तर माझा नंबर मिळवून फोन केला. गोड आवाजात म्हणाली, “ताई, वाचता छान हो तुम्ही. पण शेकोटीजवळ बसून वाचता का?”
हसावं की रडावं!

सोमवार, ११ तारीख
सकाळी अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी. पंधरा दिवस वाचायचं नाही, जिने चढउतार नाही. दुसऱ्या डोळ्याला तसंही फक्त उजेड-अंधार कळतो.

दुपारी दुरुस्तीवाला आला. संगणकाचं पोट उघडून आवाज सांभाळणारं साउंड कार्ड उपसलं, त्याचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासले आणि परत बसवलं. खोडरबर! मी आठवडाभर डोकं फोडत होते ते यासाठी! दोन तास सुखाचे गेले, मग पुन्हा खरखर. आता म्हणतो, कार्डच गेलंय, नवं घाला.

बुधवार, १३ तारीख
नव्या कार्डाने तीन खेपा घालायला लावल्या. पहिलं खाचेत बसेना, दुसरं संगणक ओळखेना, तिसरं बसलं. खरखर साफ गेली. मला रडूच आलं.

दुरुस्तीवाला म्हणाला, खात्रीसाठी एक मिनिट काही न बोलता ध्वनिमुद्रण करा. आम्ही तिघं तोंड मिटून बसलो. परत लावलं तर मध्येच कप फुटल्याचा आवाज, आणि अण्णा : “असू दे, असू दे, एक कान तुटकाच होता त्याचा.”
अण्णा माझ्या शेजारीच बसले होते. अक्षरही बोलले नव्हते. स्वयंपाकघरात जाऊन कप मोजले, सगळे जागेवर. दुरुस्तीवाला हसला, जुनं काहीतरी आत राहिलं असेल म्हणाला. माझ्या कार्डात माझ्याच बापाचं जुनं काय राहणार?

गुरुवार, १४ तारीख
सकाळी डोळ्यावरच्या पट्टीमुळे अंदाज चुकला आणि अण्णांच्या हातून कप पडला. मी धावले. ते म्हणाले, असू दे, असू दे, एक कान—
पुढचं मी ऐकलंच नाही. मला पाठ होतं.

दुपारी पुन्हा कोरं मिनिट घेतलं. दाराची घंटा दोनदा, मग कुणीतरी पत्ता विचारतंय, वरचा मजला का, असं.

शुक्रवार, १५ तारीख
अकरा वाजता घंटा वाजली. दोनदा. कुरिअरवाला. त्याला वरचा मजला हवा होता.

अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, तारेत दुसऱ्यांचं बोलणं मिसळलेलं खूप ऐकलंय, पण आपलंच, उद्याचं — तसं कधी नाही. काढून टाक ते कार्ड, म्हणाले. पण परीक्षा तोंडावर आहे. एवढं करून आवाज स्वच्छ मिळाला तर हे! वैतागून टेबलावर मूठ आपटली. सहा धडे वाचून टाकले.

शनिवार, १६ तारीख
घ्यायला नको होतं. घेतलं.

माझा आवाज. लांबून. काहीतरी वाचतेय, हळू, शब्द लागत नाहीत. खुर्ची सरकते. माझा आवाज मध्येच तुटतो. मग अण्णा : चिमे? चिमे, अगं? चिमे— मिनिट संपेपर्यंत हाका.
मी ओ देत नाही.

कार्ड उपटून काढलं. संगणकाची वायरही काढली. खोलीला कुलूप. अण्णांना सांगितलेलं नाही.

रविवार, १७ तारीख
सकाळी दहा. आज वाचायचं नाही. बोलायचंच नाही. घर सोडून गेले असते, पण अण्णांना जिना मना आहे आणि त्यांना एकटं—

साडेबारा. स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेय. अण्णा समोर पाटावर. विचारतात, रुसलीस का? बरं नाही का? चिठ्ठी दाखवून उपयोग नाही, वाचणार कसे. त्यांचा हात दाबला.

दोन. अण्णा रडले. चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणाले, आता डोळेही नाहीत, तुझा आवाजही नाही, मी कुणाच्या जिवावर बसू? वहीचा आवाज येतोय मला, काय लिहितेस तेवढं तरी वाचून दाखव.

नाही कसं म्हणू. लिहितेय तेच वाचतेय, हळू. अण्णा शांत झालेत. मान डोलावताहेत. किती साधं होतं हे, उगीच मी—

खुर्ची सरकली.

घरात खुर्ची एकच. आतल्या खोलीतली. कुलपाची किल्ली माझ्या— अण्णा समोरच आहेत, त्यांनीही ऐकलं, मान तिकडे वळव