चालत बाहेर

केडगाव,
१२ जून २०२५

चि. जेनी हिस मरियावहिनीचा सप्रेम सलाम.

प्रभूच्या कृपेने घरी सगळे बरे आहेत. आईंच्या गुडघ्याची सूज उतरली. तुझे दादा पहिल्या पाळीला जातात. तू बेलापूरला मावशींकडे गेल्यापासून फोन लागत नाही, म्हणून हे पत्र.

मी सध्या घरीच असते. का, ते तुला माहीत आहे. तरी एकदा माझ्या बाजूने ऐक.

त्या दिवशी कंपनीच्या शेडमध्ये रंगात घालायच्या थिनरचा वास इतका कोंडला की माझ्या शेजारी काम करणाऱ्या गोजरबाई चक्कर येऊन पडल्या. मीच सगळ्या बायांना म्हटलं, बाहेर चला. लिंबाखाली बसलो आणि वास गेल्यावर परत कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. त्यांना मराठी येत नाही म्हणून त्यांचं आम्हाला मराठीत सांगायला मध्ये ऑफिसातली तू. आपली जेनी आहे, म्हणून मी निर्धास्त होते. त्यांच्या इंग्रजीतलं 'वॉक आउट' एवढंच माझ्या कानात राहिलं. तू म्हणालीस, "साहेब विचारतात, तुम्ही चालत बाहेर गेलात का?"

गोजरबाई म्हणाल्या, "व्हय, चालतच गेलो. पळत न्हाई गेलो."

आम्ही हसलोसुद्धा. मला वाटलं, चेंगराचेंगरी झाली का, ते साहेब काळजीनं विचारतायत. त्यांनी आमचा होकार इंग्रजीत लिहून घेतला, आम्ही खाली सह्या केल्या. आठवड्याच्या आत आम्हाला गेटवर अडवलं. तुम्ही संप केलात, स्वतःच कबूल केलंय, म्हणाले.

चर्चमधल्या एलिया सरांना मी अर्थ विचारला. ते म्हणाले, वॉक म्हणजे चालणं, आउट म्हणजे बाहेर, पण दोन्ही जोडले की अर्थ बदलतो. निषेध म्हणून काम सोडून जाणं, सभेतून रागानं उठून जाणं, याला तसं म्हणतात. पुढे 'ऑन' लावलं, तर नवऱ्याला किंवा बायकोला टाकून जाणं. नुसतं बाहेर गेलात का, असं विचारायचं असतं तर साहेबांनी साधे शब्द वापरले असते.

तू इंग्रजी शाळेत शिकलीस. तुला हे माहीत नव्हतं? मग विचारताना माझ्याकडे न बघता पंख्याकडे का बघत होतीस? आम्हाला काढलं त्याच आठवड्यात तुझी नोकरी पक्की झाली, आणि लगेच तू रजेवर गेलीस. आईंना मी यातलं काही बोललेले नाही. पोरगी का येत नाही, असं त्या विचारतात. मी सांगते, कंपनीनं तिकडेच कामाला पाठवलंय, सुट्टी मिळत नाही.

सोमवारी कामगार कार्यालयात सुनावणी आहे. वकील म्हणतात, मधे बोलणारी बाई खरं बोलली तरच आमचं काही होईल. तू चुकलीस की मुद्दाम केलंस, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

मरियावहिनी


केडगाव,
१९ जून २०२५

जेनी,

सलाम. सोमवारी तू येशील असं मला वाटलं नव्हतं. "मला अर्थ माहीत होता. मी यांना तो सांगितला नाही," एवढंच बोललीस आणि खाली बसलीस. तसं करायला कोणी सांगितलं होतं का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. तू नाही म्हणालीस, पण त्याआधी साहेबांकडे बघितलंस. ते मी पाहिलं.

कंपनीनं तडजोड केली. कालपासून आम्ही सगळ्या परत कामावर आहोत. शेडमध्ये वास बाहेर फेकणारे पंखे बसवलेत. ऑफिसात तुझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी दिसली. गोजरबाई म्हणाल्या, "पोरगी खरं बोलली, आता सोड." मला सोडता येत नाही.

आईंना काल सगळं सांगितलं. खूप रडल्या, मग म्हणाल्या, तिला घरी बोलव. म्हणून बोलावते. रविवारी उपासनेनंतर जेवायला ये. फक्त ताटं वाढायच्या आधी, स्वयंपाकघरात आपण दोघीच असताना, मला एक सांग. साहेबांनी तुला नोकरीची भीती घातली होती, की बायांना घेऊन मी पुढे झाले याचाच तुला राग आला होता? दुसरं असेल तर मला जास्त लागेल. तरी सांग.

अजून विश्वास न बसलेली, पण तुझं ताट मांडणारी,
तुझी वहिनी
मरिया