दगडावर एबनर

३ मार्च, शनिवार
आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही. एर्झीने तर नाहीच. बायकोने नवऱ्याची रोजनिशी वाचली की तिला कारण नसताना हसू येतं.

काल आमच्या किशहार्शच्या जर्मन मंडळाची मीटिंग झाली. सप्टेंबरच्या जत्रेला चर्चसमोर एक दगड बसवायचं ठरलं. आपले पूर्वज होड्यांतून डॅन्यूब उतरत जर्मनीतून हंगेरीत आले आणि हे गाव वसवलं. त्या मूळ घराण्यांची नावं दगडावर कोरायची. समितीचा अध्यक्ष मी. दुसरं कुणी तयार नव्हतं हे खरं, पण असतं तरी मीच झालो असतो. तीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवलंय मी या गावाला. अर्ध्या गावाचे ब्रेक माझ्या पायाखाली होते.

नियम मीच सुचवला. फक्त रक्त. घरजावई, दत्तक, सांभाळलेले, कुणी चालणार नाही. फेरी रिटिंगर म्हणाला, अरे आदाम, नावं कोरायचीत, घोडे नाही विकायचेत! सगळे हसले. त्या हशातच नियम पास झाला.

आम्ही एबनर पहिल्या होडीत होतो याबद्दल मला शंका नाही. पुरावा तेवढा शोधायचाय. रोज दोन तास संशोधन. जर्मन सुधारणे. पालिंका, म्हणजे फळांची दारू, फक्त रविवारी.

५ मार्च, सोमवार
संशोधन सुरू होऊ शकलं नाही. चष्मा सापडेना. तो शोधताना पालिंका सापडली. सर्दीसारखं वाटत होतंच.

११ मार्च, रविवार
रेझी आत्याची मुलाखत. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. म्हटलं, आजोबांबद्दल सांग. मातेस एबनर, त्यांचा शिस्तबद्ध जर्मन स्वभाव वगैरे. आत्या म्हणाली, शिस्त कसली डोंबलाची! बाबा झोपेत हंगेरियन बोलायचे. आणि तोंडाने अशी शीळ घालायचे की शेजाऱ्यांच्या मेंढ्यासुद्धा आमच्या फाटकात येऊन उभ्या राहायच्या.

नोंद: एबनर रक्तात भाषांची देणगी. तसंच नेतृत्वगुण.

आत्या पुढे काही सांगणार होती, पण मी तिला जुनं गाणं म्हणायला सांगितलं. अशा लोकांकडून गाणी घ्यायची असतात, माहिती नाही. तिने गाणं म्हटलं नाही. मी निघताना म्हणाली, आदामा, तू लहानपणीही असाच होतास, दुधाचा पेला पुढे केला की खिडकीबाहेर बघायचास.

१४ एप्रिल, शनिवार
मोठा शोध! इंटरनेटवर एबनर नावाच्या सरदारांचा किल्ला सापडला. त्यांचं चिन्ह रानडुक्कर. छापून आणून टपालपेटीवर चिकटवलं. एर्झी म्हणाली, डुक्कर हुबेहूब आपल्या पोस्टमनसारखं दिसतंय, तो रागावेल. तो रागावलाच. वीजबिल दोन दिवसांनी आलं.

एर्झी माहेरची हाउक. परवा मला पाद्रीबाबांकडे सोडायला आली होती. मी बाबांना माझं संशोधनाचं धोरण समजावत होतो, तेवढ्या वेळात हिने चर्चची जुनी वही चाळून हाउकांची अख्खी वंशावळ काढली. तिसरी होडी. मी अभिनंदन केलं. तिसरी होडी म्हणजे परवाच आल्यासारखं, पण संसार टिकवायचा असतो.

११ मे, शुक्रवार
समितीची मीटिंग. रिटिंगर हे नाव वगळलं.

मला आनंद झाला असं नाही. पण फेरीचे आजोबा त्या घरी गडी होते, पोरबाळ नसलेल्या म्हाताऱ्या रिटिंगरांनी त्यांना नाव दिलं, हे गावाला माहीत आहे. फेरी उभा राहिला. म्हणाला, युद्धानंतर सरकारने जर्मन म्हणून घराघरांतून माणसं काढून जर्मनीला जाणाऱ्या आगगाडीत कोंबली, तेव्हा आजोबांना रिटिंगर म्हणूनच कोंबलं. तेव्हा कुणी रक्त नाही विचारलं. आणि सीमा ओलांडून लपतछपत, पायी परत आले, तेही रिटिंगर म्हणूनच. आणि तू आज त्यांना खोडतोस?

मी म्हटलं, फेरी, नियम म्हणजे नियम. आज एकाला सूट दिली की उद्या सगळे येतील.

तो गेला. वाइनचा भरलेला ग्लास तसाच ठेवून. फेरीने ग्लास भरलेला ठेवलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

त्याच्याबरोबरचा शुक्रवारचा पत्त्यांचा डाव बंद. होईल शांत.

माझे आजोबा मात्र त्या गाडीत चढलेच नाहीत. माणसं निवडणाऱ्या सरकारी कमिशनसमोर ताठ उभे राहिले आणि असं काही सुनावलं की अधिकाऱ्यांची एबनरांच्या घराला हात लावायची छाती झाली नाही. आमच्या घरी सगळ्यांना हे माहीत आहे. नक्की काय सुनावलं ते माहीत नाही. पण जर्मन माणूस सुनावतो तेव्हा शब्दांना महत्त्व नसतं.

७ जून, गुरुवार. पूर्वजांचं गाव, जर्मनी
पोचलो! बसमध्ये अठरा तास. गुडघे गेले, मन मात्र भरून आलं. एका शेतकऱ्याला थांबवून माझ्या जर्मनमध्ये सांगितलं, मी हंगेरीहून आलोय, ही माझी माती. त्याने हात मिळवला, एक लांब सुरी आणि क्रेट दिली आणि वावराकडे बोट दाखवलं. मला वाटलं, घरी परतलेल्या माणसाला इथे असं मातीला हात लावायला देतात. डोळ्यांत पाणी आलं. दुपारपर्यंत ॲस्परॅगस कापला. दुपारी त्याने सूप दिलं, मजुरी दिली आणि म्हणाला, हंगेरियन माणसं कामाला चांगली, उद्या सहाला ये.

गैरसमज दूर करायचा राहून गेला.

८ जून, शुक्रवार
सहाला गेलो. क्रेट तिथेच होती.

संध्याकाळी गावातल्या एकमेव एबनरांच्या दारात. म्हातारा, माझ्यासारखंच नाक. (एर्झीचं म्हणणं, असं नाक निम्म्या युरोपला आहे.) म्हटलं, मी एबनर. त्याने दार चार बोटं उघडं ठेवून सांगितलं, जमीन मुलाच्या नावावर झाली आहे, वकिलाशी बोला. मी म्हटलं, मला काही नको. तर त्याने दार लावूनच घेतलं. काही नको म्हणणाऱ्याची त्याला जास्त भीती वाटली असावी.

नोंद: एबनर रक्त सावध.

९ ऑगस्ट, गुरुवार
विजय! संपूर्ण विजय!

पाद्रीबाबांच्या वहीत आजोबांचा बाप्तिस्मा सापडला. मातेस एबनर, १८९९. तिथून त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा, सरळ रेषेत पहिल्या होडीपर्यंत. एकही जागा रिकामी नाही. रेष सापडायला एर्झीने थोडी मदत केली. म्हणजे तिने वाचलं आणि मी ऐकलं.

१९ तारखेला, रविवारी, घरी जेवण. अख्खी समिती. घराण्यातली सर्वांत वयस्कर व्यक्ती म्हणून रेझी आत्या दोन शब्द बोलेल. फेरीला बोलावलेलं नाही. त्याला वाईट वाटेल, उगाच कशाला.

१९ ऑगस्ट, रविवार. दुपारी बारा
सॉसेज तळून झाले, खसखशीचे रोल तयार. आत्याला आणायला गाडी पाठवायचं मी विसरलो, तर फेरीच तिला घेऊन आला. परत जायला निघाला होता. आत्या म्हणाली, बस गुमान, तुझ्याही कामाचं आहे. आता जेवण. माझं स्पीच पाच पानांचं आहे. छोटंच ठेवलंय.

२० ऑगस्ट, सोमवार
राष्ट्रीय सुट्टी. बाहेर पडलो नाही.

लिहून टाकतो. स्पीच चौथ्या पानावर असताना आत्या म्हणाली, आदामा, पुरे कर, सॉसेज गार झाले. वहीतला मातेस खरा एबनर, पण तो तुझा आजोबा नव्हे.

मी म्हटलं, आत्याला ऊन लागलंय. एर्झी म्हणाली, बोलू दे तिला. एवढ्या करड्या आवाजात तिने हे गेल्या चाळीस वर्षांत दोनदाच म्हटलं असेल.

आत्या सांगायला लागली. तेव्हा पोरांची अदलाबदल व्हायची. ही रीत मलाही माहीत होती, सगळ्यांनाच आहे. जर्मन घरचा मुलगा वर्षभर हंगेरियन घरी राहायचा, त्यांचा मुलगा इकडे. दोघांना दुसऱ्याची भाषा यावी म्हणून. मातेस नऊ वर्षांचा होता. त्याला केरेकतो गावच्या गोंदा नावाच्या मेंढपाळाकडे धाडलं. गोंदांचा इम्रे आमच्याकडे आला. थंडीत मातेस घटसर्पाने गेला. तिकडेच.

वसंतात इम्रेचा बाप गाडी जोडून मुलाला न्यायला आला. आमची पणजी फाटकात उभी राहिली. माझं आणा, मग तुमचं न्या, म्हणाली. तो माणूस बराच वेळ टोपी हातात धरून उभा राहिला. मग गाडी वळवून गेला. मुलगा आत खिडकीत होता. पणजीने त्याला मातेसचा पलंग दिला, मातेसचे बूट दिले, आणि मातेसचं नाव.

तेच बाबा, आत्या म्हणाली. तुझे आजोबा.

मी विचारलं, मग कमिशनसमोर त्यांनी सुनावलं ते? आत्या म्हणाली, सुनावलं कसलं, रडले. म्हणाले, मी एबनर नाहीच, मी इम्रे गोंदा, मी हंगेरियन, मला या गाडीत घालू नका. केरेकतोहून त्यांचा सख्खा भाऊ आला, त्याने शपथ घेतली. आमचं घर राहिलं. त्याच आठवड्यात रिटिंगरांना नेलं.

फेरीने माझ्या ग्लासात वाइन ओतली. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

पाचवं पान वाचलं नाही.

२४ ऑगस्ट, शुक्रवार
झालं ते एका अर्थी बरंच झालं. मुळात माझा नियम घाईत केलेला होता. आज समितीपुढे तो बदलायचा ठराव मांडला. बोललोही छान. म्हटलं, रक्त म्हणजे काय हो? डॉक्टर काढतो ते! घर महत्त्वाचं. ज्या ताटात जेवलो ते ताट महत्त्वाचं. मला स्वतःला गहिवरून आलं.

बेकरीवाल्या वेरा काकू उठल्या. म्हणाल्या, आदाम, नियम म्हणजे नियम. आज एकाला सूट दिली की उद्या सगळे येतील. शब्द न् शब्द माझे. एवढी चांगली स्मरणशक्ती असलेल्या बाईने माझ्याकडे तीनदा ड्रायव्हिंगला नापास व्हावं, हे तेव्हाच खटकलं होतं.

मतदान झालं. माझ्या बाजूने दोन हात. एक माझा. दुसरा फेरीचा.

बाहेर पडताना त्याला म्हटलं, फेरी, शुक्रवार आहे आज. तो म्हणाला, हो, आहे. आणि सायकलवर बसून गेला.

१६ सप्टेंबर, रविवार
जत्रा. बँड, टोप्यांना रोझमेरी, सगळं नेहमीसारखं. दगडावरचं कापड निघालं. हाउक हे नाव मधोमध, ठळक. एर्झीला पुढे बोलावून फुलं दिली. मी तिची पर्स धरून उभा होतो. एक फोटोग्राफर म्हणाला, काका, जरा बाजूला व्हा.

टपालपेटीवरचं डुक्कर काढून टाकलं. डिंक राहिला आहे.

२१ सप्टेंबर, शुक्रवार
नवीन विचार. गोंदा हे घराणंही काही साधंसुधं नसणार. हंगेरियन लोक इथे हजार वर्षांपासून आहेत. आमच्या त्या होड्या काय, कालच्या. मेंढपाळ म्हणजे पूर्वी सरदारच असायचे एका परीने. एर्झीला सांगितलं. ती म्हणाली, जा केरेकतोला. पण बोलू नकोस, ऐक.

रविवारी जातो. स्पीच नाही, फक्त मुद्दे.

२३ सप्टेंबर, रविवार
केरेकतोला जाऊन आलो.

बोरी गोंदा, सत्तरीची, रबरी बूट, अंगणात शेळ्या. आजोबांच्या त्या शपथ घेणाऱ्या भावाची नात. म्हणजे माझी चुलत-चुलत बहीण. मी नाव सांगितलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, अच्छा, एबनरांनी ठेवून घेतलेल्या आमच्या पोराचा नातू. मी म्हटलं, तसं म्हणता येईल. ती म्हणाली, दुसरं कसं म्हणणार?

घराण्याबद्दल विचारलं. सरदार वगैरे. ती इतकी हसली की शेळ्या दचकल्या. मग म्हणाली, चला, दाखवते घराणं.

कब्रस्तानात नेलं. गोंदांच्या कबरींच्या ओळीत शेवटी एक लहान क्रूस. दगडी, गुडघ्याएवढा. त्यावर कोरलेलं: मातेस एबनर. खाली, नऊ वर्षं.

माझी पणजी बघायची याला, बोरी म्हणाली. इम्रेची आई. दर वर्षी चुना, मृतांच्या सणाला फुलं. म्हणायची, आपलं पोर तिकडे कुणीतरी न्हाऊ घालत असेल, तर यांचं आपण नको का बघायला? तिच्यामागून आजीने बघितलं, मग आईने, आता मी. इतक्या वर्षांत तुमच्याकडचं एक माणूस इकडे फिरकलं नाही. आता माझी कंबर वाकत नाही. आलाच आहात तर घ्या. आणि बादली आणि ब्रश माझ्या हातात दिला.

मला वाटलं, एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. म्हटलं, ताई, तसं पाहिलं तर रक्ताने हा माझा कुणीच लागत नाही.

ती म्हणाली, मग आमचा तरी कुठे लागत होता?

मी गुडघ्यांवर बसलो. क्रूसाला चुना लावला. अक्षरांत जाऊ नये म्हणून अक्षरांवरून बोटाने पुसून काढला. बोरी उभी राहून बघत होती. म्हणाली, पातळ झालाय, पण वाळला की बरा दिसेल.

मागची बाजू राहिली आहे. गुडघे आत्तापासून बोलायला लागलेत. पुढच्या रविवारी परत जायला हवं.