आपोआप चालणारी घड्याळं

१ जानेवारी
लग्नानंतरच्या पहिल्या घरात एकच खोली होती आणि खिडकीशी एक स्टूल. सकाळी मी चहा ठेवायचे आणि उकळी येईपर्यंत हे त्या स्टुलावर बसून घड्याळांना चावी द्यायचे. आधी माझ्या, मग स्वतःच्या. माझ्या घड्याळाची चावी तांदळाच्या दाण्याएवढी. फिरवताना माझं नख तुटायचं, म्हणून ते काम यांच्याकडे गेलं. कर्रकर्र असा बारीक आवाज यायचा. आज का कोण जाणे, ते आठवलं.
नव्या वर्षाचा संकल्प: घड्याळं घेणं बंद. काल रात्री मागवलेलं धरायचं नाही. ते गेल्या वर्षातलं.

५ जानेवारी
यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. साखर वाढलेली. त्यांनी स्पष्ट सांगितलं, मार्चअखेर पुन्हा तपासू. रोज चालून साखर उतरली तर ठीक, नाहीतर इन्सुलिनची सुई, रोज, घरच्या घरी. सुई हा शब्द ऐकूनच हे पांढरे पडले. घरी आल्यावर खुर्चीत बसले ते बसलेच. निवृत्त झाल्यापासून तिथेच आहेत. जेवायला उठतात, तेही उपकार केल्यासारखे.
यांना चालतं करणं माझ्याकडे आलं.

८ जानेवारी
पार्सल आलं. पाणबुड्यांसाठी असतं तसलं जाडजूड, निळ्या डायलचं घड्याळ. अस्सल कोणत्या कंपनीचं ते लिहीत नाही. लेक फोनवर म्हणाली, आई, आणखी एक डुप्लिकेट? मी तिला शांतपणे समजावलं की डुप्लिकेट बाजारात मिळतं, याला रेप्लिका म्हणतात. शिवाय मी ते आहे तसं थोडंच ठेवते? काटे बदलते, पट्टे बदलते, डायल रंगवते. माझ्या हातून गेल्यावर ते अस्सलपेक्षा दुर्मीळ होतं. जगात एकच.
ती म्हणाली, हो, तसं कोणी दुसरं करणारच नाही.
मुलांना आपली किंमत उशिरा कळते.

८ जानेवारी, पुन्हा
कल्पना सुचली! ही सगळी ऑटोमॅटिक घड्याळं आहेत. चावी नाही, सेल नाही. आत एक वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि घड्याळ चालतं. हात स्वस्थ बसला की दीड-दोन दिवसांत बंद. म्हणजे पाणबुड्या यांच्या मनगटावर बांधला की झालं. चालले तर चालेल, बसले तर बंद पडेल. माणूस खोटं बोलेल, घड्याळ नाही बोलणार.
आता हा खर्च औषधपाण्यात धरायला हरकत नाही.

११ जानेवारी
पाणबुड्याच्या सेकंदकाट्याच्या टोकावर लाल नेलपॉलिशचा बदाम काढला. प्रेमाने. काटा जरा जड झाला. सहापासून नऊपर्यंत चढताना थांबत थांबत जातो. हेही जिना असाच चढतात. यांना दाखवलं तर म्हणाले, याला पण डॉक्टरीणबाईंकडे ने.
बांधलं मात्र.

१३ जानेवारी
बंद.

१५ जानेवारी
पुन्हा बंद. मी म्हटलं, अहो, निदान जेवताना तरी हात हलवा. म्हणाले, माल नकली आहे, माझा काय दोष? तीन दिवस बोलायचं नाही असं ठरवलं.

१५ जानेवारी, संध्याकाळी
बोलले. रिमोट सापडत नव्हता.

१९ जानेवारी
बाकीचीही बंद पडायला लागली आहेत. मला दोनच हात. वैमानिकांचं घड्याळ टेबलफॅनच्या जाळीला बांधून पाहिलं. फॅन डावीकडून उजवीकडे फिरतो, घड्याळही फिरतं. उत्तम चाललंय. थंडीत वारा लागतो एवढंच. हे पांघरूण घेऊन टीव्ही बघतात.
कामाच्या मावशींच्या दोन्ही हातांना दोन सोनेरी घड्याळं बांधली. एक मागे पडतं, एक पुढे पळतं. झाडू-पोछा करताना दोन्ही मस्त हलतात. मावशी म्हणाल्या, ताई, शेजारणी विचारतात, लॉटरी लागली का?

२४ जानेवारी
मावशी येताना मागे पडणाऱ्या घड्याळात बघतात आणि जाताना पुढे पळणाऱ्या. दोन्ही वेळा अगदी वेळेवर असतात.

२७ जानेवारी
आजचा शोध सासूबाई. त्यांचा उजवा हात दोन-तीन वर्षांपासून थरथरतो. अर्धा कप चहा बशीत आणि उरलेला पदरावर. चंद्राच्या कलांचं नाजूक घड्याळ त्यांच्या हातात सहज घालून पाहिलं. दिवसभरात असं भरलं की विचारू नका. फॅनपेक्षा सरस, आणि वारा नाही.
जरा संकोच वाटला होता. पण त्याच म्हणाल्या, राहू दे गं, नाहीतरी हात फुकटच हलतोय. कुणाच्या तरी कामी येऊ दे.
पट्ट्यासाठी लेकीचा शाळेतला जुना बेल्ट कापला. तिला सांगायचं नाही.

४ फेब्रुवारी
विजय!! पाणबुड्या चालतोय. हे रोज संध्याकाळी बूट घालून पुढच्या दाराने बाहेर पडतात आणि तासाभराने येतात. मी त्या वेळी माझ्या टेबलाशी चिमटा घेऊन बसलेली असते. पाळत ठेवायची गरजच नाही, घड्याळच सांगतं. आल्यावर मनगट माझ्यापुढे धरतात. बदाम अडखळत का होईना, फिरत असतो.
लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, साधा स्टेप मोजणारा पट्टा नसता का चालला? तिला यातलं काव्य कळत नाही.

१० फेब्रुवारी
हे आता फिरून येतात तेव्हा घामाचा थेंब नसतो. स्टॅमिना वाढला.

१२ फेब्रुवारी
बुटांनाही धूळ नाही. किती नीट पावलं टाकत असतील.
सासूबाई हल्ली संध्याकाळी टीव्ही मोठ्याने लावतात आणि मधूनच हसतात. एकट्याच. वयाचा परिणाम.

१५ फेब्रुवारी
वैमानिकाचं मागचं झाकण उघडलं. तीळभर स्क्रू उडाला तो थेट साखरेच्या डब्यात. अर्धा तास शोधला, नाही मिळाला. जाऊ दे. सासूबाई आणि मी गुळाचा चहा घेतो, मावशी बिनसाखरेचा, यांना तर साखर बंदच. त्या डब्याकडे कोणी जातच नाही. धोका नाही.

२१ फेब्रुवारी
हे दाढेला हात लावून बसले होते. मग माझ्या टेबलावर एक स्क्रू आणून ठेवला. तोच! कुठे सापडला विचारलं तर म्हणाले, असाच, सहज. माझ्यासाठी घरभर शोधत फिरले असणार. डोळे भरून आले. इतक्या वर्षांत माणूस बदलत नाही, फक्त खुर्चीत बसतो.

२६ फेब्रुवारी
यांची पँट कमरेला घट्ट होतेय. चालण्याने स्नायू भरतात.
सासूबाईंच्या मनगटावर पट्ट्याचे दोन वळ दिसले. घड्याळ तर एकच घालतात. म्हातारपणी कातडी हळवी होते. क्रीम लावून दिलं. त्या माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होत्या, मग म्हणाल्या, तू फार भोळी आहेस हो, सूनबाई.
बऱ्याच वर्षांनी कौतुक केलं.

३ मार्च
सासूबाईंना हाताच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. नव्या गोळ्या. बघू.
नवीन घड्याळ मागवलेलं नाही. फक्त कार्टमध्ये ठेवलंय. ठेवणं म्हणजे घेणं नव्हे.

१४ मार्च
सासूबाईंचं चंद्रवालं बंद. मशीनमध्ये काहीतरी बिघाड. संध्याकाळी उघडून बसले तर आतला चंद्रच निखळून पडला. डिंकाने बसवला. आता कायम पौर्णिमा.

१५ मार्च
चंद्र बसला तरी घड्याळ चालत नाही. हाताने हलवलं की चालतं, सासूबाईंच्या हातात गेलं की थांबतं. विचित्र.

१७ मार्च
पाणबुड्याही बंद! हे तर रोज जातात. मी काळजीने विचारलं, अहो, चालताना हात हलवत नाही का? म्हणाले, हलवतो ना. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, आईच्या त्या गोळ्या अर्ध्या करता येतील का?
आईची किती काळजी. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून ठरवू.

१८ मार्च
आज काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, डायरी लिहिताना देव खांद्यावरून वाचत असतो.
हे फिरायला गेल्यावर मी चंद्रवालं पुन्हा तपासायला सासूबाईंच्या खोलीत गेले. त्यांच्या खोलीला मागच्या गॅलरीचं दार आहे आणि गॅलरीला मागचा जिना. आत टीव्ही चालू. पलंगावर सासूबाई, त्यांच्याशेजारी बूट घालून हे. यांच्या हातात क्रीमची बिस्किटं. सासूबाईंच्या उजव्या मनगटावर दोन घड्याळं, वर चंद्र, खाली पाणबुड्या. दोन्ही बंद. पुढच्या दाराने बाहेर, मागच्या दाराने आत. हेच ते फिरणं. फेब्रुवारीपासून.
मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, तू आज लवकर कशी?
सासूबाई म्हणाल्या, माझ्यावर चिडू नकोस. शाळेत असताना याचा गृहपाठही मीच करायचे. आता हात बरा झाला, त्याला मी काय करू?
तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यांच्या त्याच हातात चहाचा कप होता. काठोकाठ भरलेला. बशी नव्हती. कप हलत नव्हता.
रागवायचं होतं. पण तो कप संपेपर्यंत आम्ही तिघंही नुसते बघत राहिलो.

१९ मार्च
आता रागावले. साखरेचा डबा कपाटात, कुलूप लावून. स्क्रू कसा सापडला तेही कळलं. नेमका दाढेखाली.
नवी योजना: उद्यापासून मी स्वतः यांच्याबरोबर चालणार.

२० मार्च
गेलो. कोपऱ्यापर्यंत. तिथे बाक आहे. छान हवा होती.

२१ मार्च
बाकापर्यंत.

३१ मार्च
तपासणी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चालता का? यांनी सवयीने मनगट पुढे केलं. बाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, हे बंद आहे. साखर जानेवारीपेक्षा जास्त. उद्यापासून सुई. यांना बघवत नाही, म्हणून मी द्यायची. नर्सने एका गुंडाळलेल्या टॉवेलवर मला टोचायला शिकवलं. हात थरथरला. सासूबाईंचा नव्हे, माझा.

१ एप्रिल, सकाळी
पहिली सुई. हे डोळे मिटून म्हणाले, झालं का? मी म्हटलं, अजून टोचलीच नाही. मग दोघंही उगाच हसत बसलो आणि सुई राहून गेली. नंतर दिली.
छंद आवरायचं ठरवलं. या वेळी खरंच. वाटप असं:
सोनेरी दोन, मावशींना. एक येताना, एक जाताना.
वैमानिक टेबलफॅनलाच राहू दे. त्याच्याइतकं कुणी मनापासून चालवलं नाही. उन्हाळाही आलाच आहे.
चंद्रवालं सासूबाईंना. दुरुस्त करायचं नाही, त्यांनी बजावलंय. बंद असलेलंच हवंय. रोज सकाळी उठून बघायचं म्हणाल्या, बंदच आहे ना.
बारीक चिमटा आणि नेलपॉलिश लेकीला. बेल्टचं सांगून टाकायचं, पण फोनवरच.
पाणबुड्या डॉक्टरीणबाईंना. त्यातून ज्याला बोध घ्यायचा तो घेईल.
मंगळवारी एक पार्सल यायचं आहे. ते कार्टमधून आपोआप गेलं असावं. कोणाला द्यायचं ते आल्यावर बघू.
माझं लग्नातलं चावीचं घड्याळ यांना. कपाटात तळाशी आहे, निळ्या रुमालात. चालू आहे का माहीत नाही. सुई टोचताना बघायला दुसरं काहीतरी हवं, म्हणून रोज सकाळी आधी ते यांच्या हातात द्यायचं. चावी द्यायला लावायची. एक अंगठा, एक बोट. तेवढा व्यायाम यांना जमतो. जमायचा, मी पाहिलंय.