बाबा झोपलेत

ती. ताईस,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे, खाण्यापिण्याची आबाळ नाही. आईला सांग, तिने दिलेला स्वेटर रोज घालते.

काम तेच. माणसं दुपारी आमच्या प्रयोगशाळेत येऊन झोपतात, डोक्याला तारा चिकटवून. पडद्यावरच्या रेघांवरून स्वप्न सुरू झाल्यासारखं वाटलं की आम्ही त्यांना उठवून विचारतो, "आत्ता काय दिसत होतं?" काही जण खुशाल थापा मारतात. एका ड्रायव्हरला तर दर वेळी हत्तीच दिसतो. पण थाप मारणारा आधी घसा खाकरतो, हे मी बरोबर हेरलंय.

परवा एक जण आलाच नाही, म्हणून मॅडमनी मलाच झोपवलं. मी झोपेत बोलले आणि ते रेकॉर्ड झालं. मॅडमना आपली भाषा येत नाही, त्यांनी मलाच अर्थ विचारला. मी म्हटलं, "चहा मागत होते." खरं तर मी म्हणत होते, "बाबा, उठा ना."

सांगताना मीही घसा खाकरला. आणि एकदम तू आठवलीस.

सकाळी फोन केला तरी तू म्हणतेस, "बाबा झोपलेत." संध्याकाळी केला तरी तेच. आणि त्याआधी दर वेळी घसा खाकरतेस.

तुला सर्दी झाली असेल तर औषध घे. नसेल, तर पत्र मिळताच फोन कर आणि खरं सांग. रोज मी झोपलेली माणसंच बघते गं, ताई. एवढं कुणी झोपत नाही.

तुझीच,
धाकटी