पडवीतली सावली

अहो,

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंत तर सावध व्हाल आणि मग मला खरं दिसायचं बंद होईल.

आपल्या सावबंदरची रीत तुम्ही विसरलात बहुतेक. मूळ पुरुष होडीतून आले तेव्हा नदीने त्यांना काठ दिला, पण एक अट घातली. जो गाव सोडेल त्याने आपली सावली घरी ठेवून जायची. म्हणून तर मुंबईला गेलेल्या प्रत्येकाची सावली इथे पडवीच्या भिंतीवर असते. कमळाकाकींच्या भिंतीवर तिन्ही मुलगे आहेत, चुना लावायला जागा नाही. तुम्ही तिकडे उठलात की तुमची सावली इथे उठते, आणि आई रोज तिच्यापुढे ताट मांडतात.

गणपतीला सुट्टी नाही म्हणालात, तेव्हापासून माझा पाय कुठे ठरत नाही. मासळी विकायला बसते आणि टोपली तशीच टाकून भिंत बघायला पळत येते. तुमची सावली वाकते, काहीतरी उचलते, खांद्याशी धरून डुलत राहते.

काल आईंना म्हटलं, "कामावरचं सामान उचलत असतील."

त्या म्हणाल्या, "सामानाला कोण थोपटतं गो?"

आज त्यांनी तुमच्या ताटाशेजारी एक लहान वाटी मांडली आणि भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. मी भात मऊ कुस्करला. मीठ घालावं की नाही, तेवढं कळेना.

केवढं झालंय हो ते?

तुमच्याच पडवीतून,
नम्रता