दाराबाहेरचा आवाज

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या कादंबरीवर चित्रपट करायचं नक्की झालं. अभिनंदन करू नकोस, आनंद वगैरे काही होत नाहीये. दोनशे पानं एक माणूस खोलीत बसलेला. ना घटना, ना पूर्णविराम. पटकथा लिहिणाऱ्याने तिसऱ्या आठवड्यात हात टेकले. म्हणाला, धुक्याचं गाठोडं बांधायला सांगताय. त्यात मधली अठरा पानं नुसता दाराबाहेरचा आवाज! समीक्षक त्याला काळाची पावलं म्हणतात. ती कॅमेऱ्यात कशी पकडू? हस्तलिखित तू टाइप केलंस. बाबा तुला काही बोलले होते का?

गुडघा कसा आहे? काठी वापरतेस ना?

लोभ आहेच, लवकर लिहिलंस तर वाढेल.

तुझा ढब्बू

११ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

काठीवर सध्या मोजे वाळताहेत.

बाबा कधी कुणाशी काय बोलले? पण तो आवाज काळाचा नाही रे, माझा आहे. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा, मी तेराची. माणसं पांगली आणि बाबांनी खोलीचं दार लावून घेतलं. मी ताट ठेवायचे, दार वाजवायचे, तुला कडेवर घेऊन उभी राहायचे.

टाइप करताना मी आपल्या दोघांना शोधत होते. कादंबरीतल्या माणसाला मुलंच नाहीत. मी एकही चूक न करता टाइप केलं.

जेवणाच्या वेळा पाळ. आठवण ठेव.

ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. काहीच वाटलं नाही. चहा करून प्यायलो. मग कॅमेरा खोलीतून बाहेर काढला. आता सगळं दाराबाहेर घडतं. निर्माते म्हणाले, कादंबरीचा खून करतोयस. मी म्हटलं, दोन माणसं राहून गेली होती, ती घेतली. शेवटी बाप दार उघडतो आणि मुलीला जवळ घेतो. असंच झालं होतं ना? मला काही आठवत नाही.

चूकभूल पदरात घे.

तुझा ढब्बू

९ डिसेंबर

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

चित्रपट पाहिला. थिएटरात सगळे मुसमुसत होते. मी रुमाल नेला होता, लागला नाही. मुलीने काम छान केलंय. पोराला कडेवर घेतल्यावर एक खांदा उतरतो, ते तिला कुणी शिकवलं?

तू विचारलं होतंस, म्हणून सांगते. नवव्या दिवशी बाबांनी दार उघडलं ते वर्तमानपत्र मागायला. मी दिलं. त्यांनी दार लोटून घेतलं. तू माझ्या खांद्यावर झोपला होतास.

तुझा शेवट चुकला असं मात्र म्हणू नकोस. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. तुझी भाची नेणार आहे, तिला सांगून ठेवलंय, घाई नाही, शेवटची दहा मिनिटं मिळाली तरी पुरे.

अशीच माया असू दे.

ताई