शेवंतीची हजामत

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनी तुला जिना चढू देत नाही, हे ऐकून बरं वाटलं. (तू तिचं ऐकतोस, याचं नवल वाटलं.) इकडे सगळे मजेत आहेत.

शेवंतीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला दारापासून जिन्यापर्यंत पिवळी शेवंती फुललेली हवी, असा मुख्याध्यापिका बाईंचा हुकूम, आणि तू तुझ्या रोपवाटिकेची अब्रू माझ्या हाती सोपवून ऑपरेशनला गेलास. शेंडे खुड म्हणालास. शेंडा असेपर्यंत तो खालच्या कोंबांना डोकं वर काढू देत नाही. खुडला की बाजूने फांद्या फुटतात, झाड भरगच्च होतं. मी खुडले आणि खरंच फुटल्या की रे! पण मी पडलो न्हावी. काही वाढलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. दुकान बंद असलं की मी कात्री-कंगवा घेऊन कुंड्यांपुढे बसायचो (कंगवासुद्धा वापरला, खोटं कशाला बोलू). बाजू आखूड, माथा गोल, मानेवर साफ. आरसा दाखवायचंच तेवढं बाकी होतं.

उद्घाटन तोंडावर आलं तरी कळीचा पत्ता नाही. खत घातलं, गोंजारलं, शेवटी दम दिला, मग तुला फोन केला. दिवस लहान व्हायला लागले की शेवंती वाढणं आवरतं घेते आणि फांदीच्या टोकाला कळी धरते, हे तू सांगितलंस. ती टोकं तर मी दर खेपेला झाडून केरात टाकत होतो! तू नुसतं म्हणालास, कात्री ठेव आणि वाट बघ.

उद्घाटनाच्या दिवशी शाळेच्या दारात हिरवे गोळे रांगेने उभे. बाईंचा पारा चढला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुझा त्यांना फोन. (त्यांनी तो स्पीकरवर टाकला, म्हणून मला कळलं.) “खुडणं कधी थांबवायचं ते धाकट्याला सांगायचं माझ्याकडूनच राहिलं,” असं तू म्हणालास. दादा, तू चांगलं बजावलं होतंस. मीच तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या दाढीत गुंतलो होतो. बाई निवळल्या, कुंड्या ठेवून घेतल्या.

आता पाहुणे केव्हाच गेले, आणि शाळेत फुलंच फुलं आहेत. फांद्या जास्त, म्हणून फुलंही जास्त. वर्गावर जाताना बाई तिथे घुटमळतात. तुझे उपकार फेडता यायचे नाहीत, तेव्हा मी ते नुसते मानतो.

तुझा,
धाकटा

ता. क. : बाई खूश आहेत. पुढच्या खेपेला मैदानाभोवतीही कुंड्या हव्यात म्हणतात. मी तुझ्या वतीने हो म्हणून बसलोय. गुडघ्याला जरा घाई करायला सांग.

ता. क. २ : खरी विनंती ही, की आल्यावर मला चार शिव्या घाल. लहानपणापासून तुझा ओरडा खाऊन पचवत आलोय; हे तुझं न ओरडणं काही केल्या पचत नाही.